खालचा फोन

नागपूरच्या मनीषनगरातलं आमचं घर दुमजली आहे. खाली दादा आणि वहिनी, वर मी एकटी. जिना बाहेरून असल्यामुळे मनात आणलं तर एकमेकांचं तोंड न पाहता दिवसचे दिवस काढता येतात. मी सांगते आहे त्या वर्षी दादा आणि मी तसेच दिवस काढत होतो. वहिनी कधी भाजीची वाटी घेऊन वर यायची, दारातच उभी राहायची आणि लगेच उतरायची.

कारण होती माझी भाची, दादाची एकुलती एक मुलगी. तिनं खाणकामाचं इंजिनियरिंग केलं. दादानं आयुष्यभर कोळशाच्या खाणीत काम केलेलं, तरी त्यानं तिला अडवलं नाही. डिग्री घेईल आणि एखाद्या ऑफिसात नकाशे काढत बसेल, अशी त्याची समजूत होती. मार्चमध्ये नोकरी लागली ती राजस्थानात, जस्ताच्या खाणीत, जमिनीखाली. दादा म्हणाला, जायचं नाही. का नाही, ते त्यानं सांगितलं नाही. ती दोन दिवस जेवली नाही आणि मग वर माझ्याकडे आली. मी तिची बॅग भरून दिली, तिला स्टेशनवर सोडलं आणि घरी येऊन दादाला सांगितलं. तो अंगणात झाडांना पाणी देत होता. त्यानं नळ बंद केला आणि आत गेला. त्या दिवसापासून तो तिच्याशीही बोलला नाही आणि माझ्याशीही.

मी पुष्कळ वर्षं कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवलं. आता घरून वेगळं काम करते. दवाखान्यात, बँकेत किंवा कचेरीत एखादी ऐकू न येणारी व्यक्ती आली की तिथून मला व्हिडिओवर जोडून देतात. डॉक्टर बोलतात ते मी खुणांनी सांगते, आणि समोरच्याच्या खुणा पाहून डॉक्टरांना बोलून दाखवते. या कामात आवाज अडखळला तर एक वेळ चालतं, चित्र अडखळून चालत नाही. हात थांबले की बोलणंच थांबलं.

आणि त्या उन्हाळ्यात माझे हात थांबायला लागले.

आमच्या गल्लीत तेव्हा फायबर आलेलं नव्हतं. सिमेंटचा रोड नुकताच झाला होता आणि तो पुन्हा फोडायला कोणी तयार नव्हतं. मोबाइलचं नेटवर्क वरच्या खोलीत खिडकीत उभं राहिलं तरच मिळायचं. उरला तो वडिलांच्या काळचा टेलिफोन. त्याच तारेवर ब्रॉडबँड घेतलेलं. वेग फार नव्हता, पण माझं भागत होतं. एप्रिलमध्ये मात्र संध्याकाळ झाली की चित्राचे चौकोन पडायचे, मग सगळं गोठायचं आणि मोडेमवरचा एक हिरवा दिवा लुकलुकायला लागायचा. थोड्या वेळानं आपोआप ठीक. सकाळी तपासलं तर काहीच बिघाड नाही.

एका संध्याकाळी एक आई तापानं फणफणलेलं बाळ घेऊन दवाखान्यात आली होती. डॉक्टर म्हणाले, घरात जे औषध आहे ते आता देऊ नका. आमच्या खुणांच्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. मी आधी औषधाची खूण केली, मग देण्याची, आणि नकाराला हात उचलला तेव्हा दिवा लुकलुकत होता. पडद्यावर तिचा चेहरा गोठलेला. तिला माझं काय दिसलं आणि काय नाही, ते कळायला मार्ग नव्हता. मी मोबाइल घेऊन खिडकीकडे धावले, दवाखान्यात फोन लावला, आणि नर्सनं त्या बाईला गेटपाशी गाठून कागदावर लिहून दिलं. काही वाईट झालं नाही. पण त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की मोडेमपाशी जाऊन दिवे पाहावेसे वाटायचे.

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावायला सुरुवात केली. तिथली मुलगी बोलायला गोड होती, पण प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करायची. मोडेम बंद करा, थांबा, चालू करा. वाय-फायवर तपासू नका, वायर लावून तपासा. वायर लावली. मोडेम टीव्हीपासून दूर ठेवा. टीव्ही होता तिथून हलवला. भिंतीपासून मोडेमपर्यंतची तार बदला. तीही बदलली. तिनं विचारलं, या लाइनवर आणखी कुठं फोन जोडलेला आहे का. मी नाही म्हणाले. मला तसंच वाटत होतं. मूळ फोन खालच्या हॉलमध्ये होता आणि त्यातूनच जिन्यावरून तार वर घेऊन माझा फोन आणि मोडेम जोडला होता, हे खरं. पण खालच्या फोनवर वहिनीनं विणलेला रुमाल वर्षानुवर्षं पडलेला होता. तो फोन माझ्या हिशेबी शोभेची वस्तू झाला होता.

लाइनमनही येऊन गेला. खांबापासून गच्चीपर्यंतची तार जुनी झाली म्हणाला आणि नवीन ओढून दिली. वेग दाखवला, उत्तम होता. मी त्याला चहा दिला. त्याच संध्याकाळी पुन्हा दिवा लुकलुकला.

मग मी स्वतःच काहीबाही करत सुटले. संध्याकाळ जवळ आली की फ्रिज बंद करायची, कूलर बंद करायची. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करून बसायचं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. घामानं थबथबलेली मी मोडेमसमोर स्टूल टाकून बसायची. शेजारच्यांचा पाण्याचा पंप त्याच सुमारास सुरू होतो, तर त्यांना जाऊन सांगून आले की तुमच्या पंपामुळे माझं नेट पडते. ते बिचारे दोन दिवस सकाळी पाणी भरत राहिले. फरक पडला नाही.

रविवारी भाचीचा व्हिडिओ कॉल यायचा. तिच्या क्वार्टरमागे उघडीबोडकी टेकडी दिसायची. एकदा ती म्हणाली, "आत्या, तू संध्याकाळी लँडलाइनवरून फोन करते अन् बोलत काहून नाहीस? मी हॅलो हॅलो करत राहते, अन् मग कट."

मी म्हटलं, मी तर करत नाही. तिनं नंबर वाचून दाखवला. आमच्याच घरचा होता. मला दुसरं काही सुचलं नाही. लाइनच बिघडलेली आहे, लाइनचंच डोकं फिरलं आहे, असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मदतकेंद्राला मी ठणकावून सांगितलं की तुमची लाइन आता आपोआप नंबर लावते. पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम, यापुढे दिवा लुकलुकला की लगेच टेलिफोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावा. घरघर ऐकू येते का, ते सांगा.

त्या संध्याकाळी मला काम नव्हतं. मी स्टुलावर बसले. खालून वहिनीच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. दादाची वंदना झाली, उदबत्तीचा वास जिन्यातून वर आला. जरा वेळानं दिवा लुकलुकला. मी माझा रिसीव्हर उचलला.

घरघर होती. पण तिच्यामागे पलीकडे घंटी वाजत होती. मग घंटी थांबली आणि भाचीचा आवाज आला, "हॅलो?"

मी बोलणार होते. तोंड उघडलंही. तेवढ्यात माझ्या अगदी जवळ कोणीतरी श्वास घेतला. बिडी सोडून किती वर्षं झाली तरी दादाच्या छातीत एक बारीक शिट्टी राहिली आहे. लहानपणापासून एका घरात वाढलेल्या माणसाचा श्वास ओळखायला वेळ लागत नाही.

"हॅलो? आत्या, तू आहे का?" ती म्हणाली. "लाइन खराब आहे बहुतेक. मी आताच आली वर, आंघोळ करून राहिली होती. तुझा आवाज नाही येत. ठेवू?"

खाली फोन ठेवल्याचा आवाज झाला. मीही हळूच ठेवला. काही वेळात दिवा स्थिर झाला आणि नेट आलं.

मी खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. बायकांना संध्याकाळी सातच्या आत खाणीतून वर आणावं लागतं, असा नियम आहे. ते मला भाचीनं सांगितलं होतं, दादाला तर तो ठाऊकच असणार. सातनंतर तिनं फोन उचलला म्हणजे ती वर आलेली आहे. त्याला तेवढंच हवं होतं. स्वतःच्या मोबाइलवरून केला तर नाव दिसलं असतं. घरच्या फोनवरून केला की तो माझा वाटणार, हेही त्यानं धरलेलं असावं.

आता माझ्या नेटचा इलाज सोपा होता. जिन्याच्या वळणावर एक छोटी डबी आहे, तिच्यात खालची आणि वरची तार जोडलेली. खालच्या फोनच्या दोन बारीक तारा सोडवल्या की काम झालं. स्क्रूड्रायव्हर घेऊन मी दोनदा त्या वळणापर्यंत गेले आणि परत आले. तारा काढल्या असत्या तर त्यानं तक्रारही केली नसती. फोन बंद पडला म्हणून गप्प बसला असता. आणि मग सातनंतर त्यानं काय केलं असतं?

मदतकेंद्राच्या मुलीला मी विचारलं, दोन्ही फोन ठेवून काही करता येतं का. ती म्हणाली, प्रत्येक फोनच्या मागे फिल्टर लावायचा. फोनचा आवाज एकीकडे आणि इंटरनेट एकीकडे करणारी एक छोटी डबी असते. माझ्या फोनला ती आधीपासून होती, खालच्याला नव्हती. मी भर दुपारी तोंडाला ओढणी गुंडाळून सीताबर्डीच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, अब ये कौन लगाता है," आणि दुसऱ्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिसऱ्या की चौथ्या दुकानात, जुन्या रिमोटांच्या ढिगाखाली एक सापडली.

ती घेऊन मी खाली गेले. इतक्या दिवसांनंतर मी दादाच्या दारात उभी होते. वहिनी मैत्रिणीकडे गेली होती. दादा खुर्चीत पेपर घेऊन बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

मी म्हटलं, "दादा, फोनच्या मागं ही डबी लावायची आहे."

"काहून?"

मी काय बोलायचं ते वाटेत घोकून आले होते. तिथं त्यातलं काही आठवलं नाही. "तू फोन उचलला की माझं नेट पडते," मी म्हटलं.

त्यानं पेपर घडी करून बाजूला ठेवला. मी फोनवरचा रुमाल काढला. तो स्वच्छ धुतलेला होता आणि फोनवर धूळ नव्हती. मी मागची पिन काढली, पण ती डबीत बसेना. तो उठला, माझ्या हातातून डबी घेतली आणि लावली. मग पाठमोराच म्हणाला,

"खाली गेलेला माणूस वर आला का नाही, थे पाहतो फक्त. तिले सांगू नको."

मी विचारलं, तू तिला जायला का नाही म्हणाला होतास, तेव्हा सांगितलं असतं तर. तो पुन्हा खुर्चीत बसला आणि त्यानं मला सांगितलं. तो नोकरीत नवीन असताना त्याच्या कामावरच्या जोडीदाराच्या अंगावर खाणीचं छत कोसळलं होतं. दादा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होता, म्हणून वर होता. खाणीच्या तोंडाशी ते सगळे उभे राहिले, आणि लिफ्ट वर आली की प्रत्येक वेळी पुढे सरकायचे. जोडीदार वर आला, पण चालत नाही. ही गोष्ट त्यानं वडिलांना सांगितली नव्हती, वहिनीला सांगितली नव्हती, कारण सांगितली असती तर घरच्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ दिलं नसतं. "अन् पोरीले सांगितलं असतं," तो म्हणाला, "त थे भीती घेऊन खाली गेली असती. भ्यालेल्या माणसानं खाली नाही जाऊ."

मी वर आले. नेट त्या दिवसापासून सुधारलं. संध्याकाळी दिवा एकदा थरथरल्यासारखा व्हायचा आणि स्थिर राहायचा. तो थरथरला की मला कळायचं, दादानं फोन उचलला. माझं काम सुरळीत झालं, पण मनाची तगमग गेली नाही. उलट तिची जागा बदलली. आधी मी दिवा लुकलुकू नये म्हणून त्याच्याकडे पाहत होते. आता तो थरथरेपर्यंत मला चैन पडत नव्हतं.

पावसाळ्यात एक दिवस दिवा थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. मग परत. मी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कामात होते. त्यांना डोळ्याचं ऑपरेशन समजावून सांगायचं होतं, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला डोळे जायची किती भीती असते ते मी शाळेत पाहिलेलं होतं. माझे हात चालू होते आणि नजर मोडेमकडे जात होती. जिन्यावर पावलं वाजली. दार उघडं होतं. दादा आत आला. ती निघून गेल्यापासून तो वर आलेला नव्हता.

तो कॅमेऱ्यात येणार नाही असा भिंतीला टेकून उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "उचलून नाही राहिली."

मला बोलता येईना. डॉक्टर वाक्यामागून वाक्य सांगत होते, आणि ते गृहस्थ माझ्या हातांवर डोळे रोखून बसले होते. मी दादाकडे पाहून फक्त मान हलवली, बस म्हणून. तो बसला नाही. खिडकीपाशी गेला, परत आला. बाहेर पाऊस लागून राहिला होता. डॉक्टर म्हणाले, एक डोळा झाल्यावर दुसरा लगेच करायचा नाही. मी ते सांगितलं. नकाराची खूण पोचली का, ते त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर पाहिलं. पोचली होती.

तेवढ्यात माझ्या टेबलावरचा टेलिफोन वाजला.

माझे दोन्ही हात हवेत होते. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी हनुवटीनं फोन दाखवला. तो आणखी वाजला. खालीही वाजत होता, पण वहिनी भाजी आणायला गेलेली होती. मी परत हनुवटी उडवली. शेवटी त्यानं रिसीव्हर उचलला आणि नेहमीसारखा नुसता कानाला लावून उभा राहिला.

पलीकडून ती काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. दादाचा चेहरा मात्र मला दिसत होता. त्यानं एकदा घसा खाकरला.

"हो," तो म्हणाला. "मीच आहे." मग बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "उशीर काहून झाला?"

मी हातांनी त्या गृहस्थांना सांगत होते की पट्टी दुसऱ्या दिवशी निघेल, घाबरू नका. कानाला दादाचं बोलणं ऐकू येत होतं. तो विचारत होता, तुझ्या भागात छत धरून ठेवायला बोल्ट किती अंतरावर मारतात. पाणी कुठून गळते. आत जायच्या आधी काठीनं छत ठोकून पोकळ वाजते का ते पाहते का, का नुसतं यंत्रावर भरोसा ठेवते. ती काय सांगत होती कोण जाणे, पण एकदा तो म्हणाला, "असं नाही चालत, चूक आहे थे," आणि मग वाद सुरू झाला. माझं काम संपलं, मी पडदा बंद केला, तरी तो वाद चालूच होता. मी पाण्याचा ग्लास त्याच्या हाताशी ठेवला. तो उभ्यानंच बोलत होता.

घडलं होतं एवढंच की बॅटरी उतरली म्हणून मोबाइल खोलीत चार्जिंगला लावून ती जेवायला गेली होती. ती वेळेवर वर आली होती. घरच्या नंबरचे इतके फोन आलेले पाहून आत्याला काही झालं का म्हणून घाबरून तिनं उलटा फोन लावला होता. हे दादानं मला फोन ठेवल्यावर सांगितलं आणि खाली गेला. जिना उतरताना त्याच्या छातीतली शिट्टी मला स्पष्ट ऐकू येत होती.

त्यानंतर ते रोज बोलायला लागले. बोलणं कसलं, भांडणंच. ऑक्टोबरात ती सुट्टीवर आली तेव्हाही दोघं जेवणाच्या टेबलावर काडेपेट्या मांडून छत तोलायला खाणीत खांब किती जाड ठेवायचे यावर हमरीतुमरीवर यायचे. वहिनी काडेपेटी मागत राहायची आणि तिला मिळायची नाही. दादा माझ्याशीही बोलायला लागला, कामापुरतं. मी तिला पाठवायला नको होतं, हे त्याचं मत बदललेलं नाही. मी पाठवलं ते बरोबर केलं, हे माझंही.

पण ती परत जायच्या आदल्या दिवशी मीच तिला बाजूला घेऊन विचारलं, वरच्या ऑफिसात बदली मागता येते का. वर्षभर तरी. नकाशाचंही काम शिकून होईल.

"आत्या, तू म्हणून राहिली हे?"

तिचा बाप हॉलमध्ये बसून तिच्या बुटांच्या तळव्याला ब्रश मारत होता. त्यानं मान वर न करता म्हटलं, "राहू दे वं बाई तिले. तिले काम येते."

मी वर आले. कूलर लावला, बंद केला, मोडेमवरची धूळ पुसली आणि मग काय करावं ते न सुचून पुन्हा खाली गेले.